थांबण्याचा नेम

पातूरचा घाट ओलांडून मेडशीकडे जाताना 2022 सालच्या जूनमध्ये आमच्या दिंडीला पावसाऐवजी धूळच भेटली. कोरोनामुळे दोन वर्षे बंद राहिलेली पायी वारी पुन्हा सुरू झाली होती, त्यामुळे चालण्याची घाई सगळ्यांच्याच पायांत होती. शिवारे मात्र वखरून कोरडीच पडली होती. शेजारी चालणाऱ्या बाबांना मी पेरणीचे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बियाणं घरीच हाय. गावात असतो, त लोकायचं पाहून पेरून मोकळा झालो असतो. वाटेवर हावो, म्हनून हात थांबला." 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे कृषी विभाग सांगतोच, पण शेजाऱ्याची तिफण शेतात उतरली की तो आकडा आठवत नाही, आणि दुबार पेरणीचे बियाणे उसनवारीवर आणावे लागते.

वारी बाहेरून पाहणाऱ्याला चालणेच दिसते. पण ज्या आषाढी एकादशीला आपण पंढरपूर गाठतो, त्याच दिवशी देव झोपी जातो आणि कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासाचे नेम सुरू होतात. कांदा, लसूण, वांगे वर्ज्य होतात, लग्नकार्ये थांबतात. (त्याआधी कांदेनवमीला भजी-झुणक्यावर जो ताव मारला जातो, तो पाहिला की संयमाचीही आपण किती निगुतीने तयारी करतो, हे कळते.)

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या अलीकडे आम्हांला जैन साध्वी भेटल्या. त्या अनवाणी चालत होत्या. उकळून गार केलेले पाणी प्यायच्या आणि तेही सूर्यास्तानंतर नाही. वर्षभर पायी विहार करणाऱ्या या साध्वी आषाढी चतुर्दशीपासून चार महिने एकाच गावी राहतात, कारण पावसात जमिनीवर जीवजंतू वाढतात आणि ते पायाखाली येऊ नयेत. आपल्याकडच्या बौद्ध वस्त्यांतही आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालतो आणि विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. एकाच पावसाळ्यात तीन परंपरांची माणसे आपापल्या परीने स्वतःला आवरून धरतात, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणूनच 2021 मध्ये कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेसह मानाच्या दहाच पालख्या बसने पंढरपूरला गेल्या, तेव्हा आमच्या गावात चुकचुक झाली, पण वारी बुडाली, असे कोणी म्हटले नाही. लोकांनी आपापल्या ओसरीवर हरिपाठ म्हटला. ज्यांना एकादशीला हात आखडता घेण्याची सवय होती, त्यांना घरी बसणे तुलनेने सोपे गेले, असे माझे मत आहे. मजुरीवर पोट असणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. ज्याच्या घरी डब्यात पीठच नाही, त्याच्या उपाशी राहण्याला उपवास म्हणणे मला पटत नाही.

आमच्या दिंडीप्रमुखांनाही ते पटत नसावे. जेठातली निर्जला एकादशी वाटेतच आली होती आणि ऊन अकोल्याचे होते. दुपारच्या विसाव्याला त्यांनी टँकरची तोटी स्वतः सोडली, विणेकऱ्याला पहिला तांब्या पाजला आणि साखरेचा आजार असलेल्या एका माउलीला दशमी खायला लावली. ती कुरकुरली, तेव्हा ते म्हणाले, "माय, नेम देवाचा हाय, जीव बी त्याचाच हाय. खा, अन् चाल."