उघड्यावरचा रशियन वाद्यवृंद

मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारा संगीत महोत्सव ऐकत ज्यांचे कान तयार झाले, त्यांना उघड्यावरच्या गाण्याचे नवल नसते. तरीही छप्पर नसताना पाश्चात्त्य वाद्यवृंद कसा वाजत असेल, हे कुतूहल आमच्या सांगलीतल्या ऐकणाऱ्या मंडळींना होतेच. म्हणून मे महिन्यातल्या एका रात्री गच्चीवर पांढरी चादर ताणून आम्ही बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या १९९३ सालच्या ‘रशियन रात्री’चे चित्रमुद्रण लावले. वाद्यवृंदाचे संचालन करत होते सेइजी ओझावा.

ही मैफल झाली ती बर्लिनमधल्या वाल्डब्यूने येथे. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी एका नैसर्गिक घळीच्या उतारावर बांधलेल्या या खुल्या प्रेक्षागृहात वीस हजारांहून अधिक लोक बसतात. एवढ्या पसाऱ्यात शेवटच्या रांगेतल्या माणसाला वादकाचा हात आधी दिसतो आणि स्वर मागून पोहोचतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर शंभर मीटरवर हा उशीर जवळजवळ तीन दशांश सेकंदाचा होतो. त्याहून मोठी अडचण भिंती नसण्याची. सभागृहात भिंती आणि छत स्वराला परत पाठवतात, त्यामुळे व्हायोलिनांचा आवाज भरदार होतो. उघड्यावर गेलेला स्वर गेलाच. ध्वनिवर्धक लावावेच लागतात आणि मग वाद्यांचा पोत थोडा चपटा होतो, हे मान्य करायला हवे.

आमच्यात मिरजेचे तंबोरे बनवणारे एक काका होते. वाद्ये जुळवून घेण्याचे दृश्य येताच ते पुढे सरकून बसले. “हवा तापली की आमची तार उतरते, यांची नाही उतरत होय?” त्यांची शंका अगदी रास्त होती. उष्णतेने तार प्रसरण पावते, ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. उलट बासरी, क्लॅरिनेट किंवा हॉर्न यांच्या नळीतली हवा तापली की स्वर चढतो. म्हणजे एकाच मंचावरची अर्धी मंडळी खाली घसरू पाहतात आणि अर्धी वर. ओबो या फुंकवाद्याने दिलेल्या स्वराशी सगळ्यांनी जुळवून घ्यायचे, एवढाच त्यावरचा उपाय. “मग गवय्याने मध्येच तंबोरा जुळवून घेतला तर लोक कंटाळतात कशाला?” असे म्हणून काका मागे टेकले.

उघड्यावर काय टिकते, हे रशियन संगीतकार बोरोदिनच्या ‘प्रिन्स इगोर’ या ऑपेरातल्या ‘पोलोव्हेट्सियन नृत्यां’त चांगले कळते. पेशाने रसायनशास्त्रज्ञ असलेल्या या माणसाचा हा ऑपेरा १८८७ साली त्याच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला आणि रिम्स्की-कोर्साकोव व ग्लाझुनोव या संगीतकारांनी तो पूर्ण केला. या नृत्यांतल्या मुलींच्या नृत्याची चाल ओबो घेतो. ओबो हे सनईसारखेच दुहेरी जिभेचे वाद्य असल्याने तो स्वर मोकळ्या हवेत विरत नाही, अंतर कापत जातो. लांब, सलग चाल आणि फुंकवाद्यांचा ठळक रंग या दोन गोष्टी या संगीतात भरपूर आहेत, आणि माझ्या मते मैदानी मैफलींना रशियन कार्यक्रम मानवतो तो त्यामुळेच, तोफांमुळे नव्हे.

तोफा म्हणजे अर्थातच रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचे ‘१८१२’. नेपोलियनच्या माघारीवरची ही रचना १८८० साली लिहिली गेली आणि १८८२ साली मॉस्कोत प्रथम वाजली. ती फार गोंगाटाची होईल आणि आपण ती जिव्हाळ्याने लिहिलेली नाही, असे खुद्द चायकोव्हस्कीने पत्रात कबूल केले होते. स्वरलिपीत तोफांचे सोळा बार आहेत. अमेरिकेत बोस्टनमध्ये वाद्यवृंद-संचालक आर्थर फीडलर यांनी १९७४ साली नदीकाठच्या मैफलीत तोफांसह ती वाजवली, आणि रशियाचा विजय अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी साजरा करण्याची गमतीदार प्रथा रुजली.

मला मात्र या रचनेतला खरा कस सुरुवातीला दिसतो. दोन व्हायोला आणि चार चेलो, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातली पण खालच्या स्वराची एवढीच वाद्ये एक जुनी चर्चप्रार्थना वाजवतात. हजारो लोकांच्या मैदानात तो भाग ऐकू येणे हेच अवघड. आमच्या गच्चीवर तर नेमकी तेव्हाच खालून एक बुलेट गेली. आम्ही मागे जाऊन तो भाग पुन्हा लावला, आणि शेवटच्या धडाक्याहून त्याच्यावरच जास्त बोलणे झाले.

उघड्यावरचे वादन हे हलके, असे मानणाऱ्या आमच्यातल्या एका सोवळ्या रसिकाला मी पावलोव्स्कची गोष्ट सांगितली. पीटर्सबर्गजवळच्या या गावात रेल्वे स्थानकालगतच उन्हाळी मैफली होत आणि व्हिएन्नाचे संगीतकार योहान स्ट्राउस धाकटे तिथे अनेक हंगाम वाद्यवृंद चालवत. विद्यार्थी असलेल्या चायकोव्हस्कीची रचना जाहीरपणे पहिल्यांदा वाजली ती १८६५ साली तिथेच, स्ट्राउसच्या संचालनाखाली. गृहस्थांचे समाधान झाले नाही. पुढच्या वेळी त्यांच्या दिवाणखान्यात, दारे-खिडक्या लावून, बोरोदिनची दुसरी सिम्फनी ऐकायची असे ठरले आहे. मे महिन्यात पंख्याच्या घरघरीचे काय करायचे, ते त्यांनी बघावे.