पासपोर्ट स्कूटरवाल्याकडे आणि आम्ही दारात

बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. थायलंडमध्ये स्कूटर भाड्याने घेताना मूळ पासपोर्ट दुकानदाराच्या हातात देऊ नका. रोख डिपॉझिट ठेवा. दोन-तीन हजार बाथ मागतात, ते द्या, पावती घ्या आणि पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. आम्ही हे केलं नाही, म्हणून पाच दिवसांच्या सहलीतल्या दोन रात्री गेल्या. दोन वर्षं होत आली, तरी त्या दुकानाचं अर्ध्यावर ओढलेलं शटर आठवलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही चौघी. मेधा, वंदना, रूपा आणि मी. सांगलीला कॉलेजात एकत्र होतो, आता वयं चव्वेचाळीस ते शेहेचाळीस. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरात गेलो. भारतीयांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता, त्यामुळे तिकडचं काही सांगण्यासारखं नाही. "थायलंड? चौघीच?" असं म्हणून ऑफिसातल्या पुरुषांनी जो चेहरा केला तो मात्र सांगण्यासारखा आहे, पण जाऊ दे. आम्हाला गाणं ऐकायचं होतं, रात्री बारा वाजता रस्त्यावर निवांत बसायचं होतं, आणि "अजून किती वेळ?" असा फोन कोणाचा यायला नको होता.

त्यासाठी चियांग माई उत्तम. जुनं शहर चौकोनी, चारी बाजूंनी खंदक, एकेक बाजू दीडेक किलोमीटर. चुकलात तरी फिरून परत खंदकापाशीच येता. पहिल्या रात्री, गुरुवारी, चांग फुअक दरवाजासमोरच्या नॉर्थ गेट जॅझ को-ऑपमध्ये गेलो. तिकीट नाही, फक्त काहीतरी प्यायला घ्यायचं. जागा मिळाली नाही तर फूटपाथवर उभं राहून ऐकायचं, निम्मी गर्दी तशीच असते. मंगळवारी तिथे कोणीही आपलं वाद्य घेऊन येऊन वाजवतं म्हणतात, आमचा मंगळवार हुकला. आमचं वय कोणी विचारलं नाही, पासपोर्ट कोणी विचारला नाही. त्यामुळे आम्हाला वाटलं, इथे असंच असतं.

शुक्रवारी सकाळी स्कूटर घेतल्या. दोन स्कूटर, एका स्कूटरचे रोज अडीचशे बाथ. मेधाने आणि मी आरटीओत हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता, त्याचा आम्हाला भारी अभिमान. दुकानदाराने तो बघितलाही नाही. "पासपोर्ट," म्हणाला. मेधाने दिला. दोन स्कूटरना मिळून एक पासपोर्ट पुरे, ही आम्हाला त्याच्याकडून मिळवलेली सवलतच वाटली. त्याने आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा काढला. आत रबर लावलेले पासपोर्ट, लाल, हिरवे, निळे. मेधाचा निळा त्यात वरती पडला, झाकण लागलं. पावती मागायचं चौघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आणि मेधा जिल्ह्याच्या एका बँकेत वसुली विभागात आहे, हे विशेष.

रात्री साडेदहाला निम्मानहेमिन भागातल्या एका मोठ्या क्लबच्या दारात गेलो. तिथे थाई बँड असतो, विद्यापीठातली मुलं येतात, असं हॉटेलातल्या मुलीने सांगितलं होतं. दारावर काळ्या शर्टातला एक पोरगा, हातात छोटी टॉर्च. थायलंडमध्ये दारूसाठी वय वीस पूर्ण लागतं, आणि आत कोणी कमी वयाचं सापडलं तर क्लबला टाळं लागू शकतं, म्हणून प्रत्येकाचं ओळखपत्र बघतात. माझा पासपोर्ट टॉर्चखाली धरला, जन्मसाल वाचलं, माझ्याकडे बघितलं, आदराने मान झुकवली. वंदनाचं झालं, रूपाचं झालं. मेधाने फोनमधला फोटो दाखवला.

"नो. रिअल."

मग झेरॉक्स. तिच्या नवऱ्याने रंगीत झेरॉक्स काढून लॅमिनेट करून दिली होती, प्रवासात भिजू नये म्हणून. दारावरच्या पोराने ती बोटांत वाकवून बघितली आणि परत दिली. मग आधार कार्ड. ते त्याने उलटसुलट केलं, त्यावरचा क्यूआर कोड बघून थोडा विचारात पडला, परत दिलं. मग बँकेचं ओळखपत्र. शेवटी मेधाने डोक्याचा रुमाल सोडला आणि भांगातले पांढरे केस त्याच्यासमोर धरून मराठीतच म्हणाली, "अरे बाळा, ह्या केसांनाच वीस वर्षं होत आली!" मागच्या रांगेतली पोरं हसली, तोही हसला. पण बाजूला काही झाला नाही.

"तुम्ही तिघी जा. मी बसते इथे," मेधा म्हणाली. हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो सुर आपल्याकडच्या प्रत्येक बाईला कळतो. रूपाला मात्र त्या क्षणी कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. "अर्धा तास जाऊन येऊ का गं मग?" असं ती म्हणाली आणि पुढचा दीड दिवस दोघींत "मीठ दे" आणि "चार्जर कुठाय" एवढंच बोलणं झालं. आम्ही सेव्हन-इलेव्हनमधून लिओ बिअरच्या बाटल्या घेतल्या आणि हॉटेलच्या पायऱ्यांवर बसलो. हे दुकानातलं वेळापत्रक लक्षात ठेवा: तेव्हा दुपारी ११ ते २ आणि संध्याकाळी ५ ते १२ एवढ्याच वेळात दारू विकत. नंतर दुपारची बंदी सैल करण्याच्या हालचाली झाल्या, नियम बदलतात, जायच्या आधी बघून घ्या.

त्या पायऱ्यांवर मला जे सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. थायलंडमध्ये गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, आपल्याकडे ३०. आपण काही मोजत बसणार नाही, त्यामुळे रात्री स्कूटर हॉटेलवरच, येणं-जाणं ग्रॅब टॅक्सीने. म्हणजे जिच्यापायी पासपोर्ट डब्यात गेला ती स्कूटर रात्री वापरायचीच नव्हती! दिवसा तर लाल सोंगथेव, म्हणजे मागे बाकं असलेल्या शेअर गाड्या, शहरभर फिरतात, हात दाखवायचा, खिडकीतून ठिकाण सांगायचं, ड्रायव्हरने मान हलवली तर मागे चढायचं. आम्ही माणशी तीस बाथ दिले. स्कूटर कशाला हवी होती, याचं उत्तर चौघींपैकी कोणाकडेच नाही.

शनिवारी सकाळी मेधा आणि मी दुकानावर. शटर अर्ध्यावर, आत अंधार, बाहेर कागद. त्यावर थाईत काहीतरी आणि एक फोन नंबर. लावला. "टुडे होलिडे. सनडे, सनडे." अहो पण पासपोर्ट? "येस, सनडे." फोन बंद. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असते, तसं त्यावर छापलेलंच असतं, आणि ती मालमत्ता त्या क्षणी आइस्क्रीमच्या डब्यात, अर्ध्या शटरच्या आड होती. मी शटरखालून वाकून बघत होते. समोरच्या फळवालीने मला पेरू देऊ केला.

सुट्टी कसली, तर माखा बुचा या बौद्ध सणाची. २४ फेब्रुवारी २०२४. त्या दिवशी देशभर दारूविक्री बंद. सेव्हन-इलेव्हनच्या फ्रिजवर पडदा, लॉय क्रोह रस्त्यावरचे बार अंधारात, स्टुलं टेबलांवर उलटी. रूपाने वैतागून फोनवर शोधलं आणि मोठ्याने वाचलं: तिसऱ्या चांद्रमासाची पौर्णिमा, १२५० भिक्षू न बोलावता बुद्धांपाशी जमले तो दिवस. वंदना म्हणाली, "अगं, माखा म्हणजे माघ. आज माघ पौर्णिमाच आहे की!"

हे कालनिर्णयात होतं! माझ्या स्वयंपाकघरात, गॅसच्या वर, दुधाच्या हिशोबाच्या खाली. तेव्हा मराठी माणसासाठी ही टीप: माघ, वैशाख आणि आषाढ पौर्णिमा, आषाढ पौर्णिमेचा दुसरा दिवस, आणि कोजागिरीच्या सुमाराची आश्विन पौर्णिमा, हे ते दारूबंदीचे पाच दिवस. फक्त त्यांचा अधिक महिना आपल्या अधिक महिन्याशी जुळत नाही, त्यामुळे कधी महिन्याचा फरक पडतो. २०२३ मध्ये माखा बुचा ६ मार्चला होता, आपली माघ पौर्णिमा त्याच्या महिनाभर आधी होऊन गेली होती. म्हणून कालनिर्णय बघून सावध व्हा आणि मग थाई सुट्ट्यांची यादी बघा. २०२५ पासून हॉटेलं आणि परवाना असलेल्या काही जागांना या दिवशी सूट मिळाली आहे. आमच्या वेळी तेवढंही नव्हतं.

संध्याकाळी वाट चेदी लुआंग या बौद्ध मंदिरात गेलो, दुसरं करणार काय. १५४५ च्या भूकंपात वरचा भाग कोसळलेला तो प्रचंड स्तूप, पुढे भिक्षू, मागे माणसं, प्रत्येकाच्या हातात कमळाची कळी, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या. तीन प्रदक्षिणा, आपल्यासारख्याच डावीकडून उजवीकडे. काल क्लबच्या रांगेत असतील तसलीच पोरं, आज पूर्ण बाह्यांच्या शर्टात. मेधाच्या मेणबत्तीचं मेण रूपाच्या मनगटावर सांडलं आणि दोघी बोलायला लागल्या. माझं मात्र तिसऱ्या प्रदक्षिणेतही लक्ष त्या शटरवर.

घंटेचं सांगायचं राहिलंच. लॉय क्रोहवरच्या उघड्या बारमध्ये काउंटरच्या वर पितळी घंटा टांगलेली असते. गुरुवारी नॉर्थ गेटला जाण्याआधी आम्ही तिथे लिंबूसोडा घ्यायला थांबलो होतो. घंटा दिसली की आपला हात आपोआप वर जातो, वंदनाचाही गेला. काउंटरमागच्या बाईने झडप घालून तिचं मनगट पकडलं. घंटा वाजवली की बारमध्ये आहेत तेवढ्या सगळ्यांना तुमच्याकडून एकेक पेग, असा रिवाज. तेव्हा किमान वीस माणसं होती. आणि या रस्त्याचं नाव काय, तर ग्रहपीडा पाण्यावर सोडून देणं अशा अर्थाचं; त्यातला 'क्रोह' हा आपला 'ग्रह'च. आमची पीडा दुसऱ्याच गल्लीत शटर लावून बसलेली होती.

रविवार. नऊपासून दुकानासमोर. अकराला तो आला, हातात आइस्ड कॉफी, काही घाई नाही. स्कूटरभोवती फिरला, गुडघ्यावर बसला आणि पायाच्या फळीखाली बोट ठेवलं. ओरखडा. साडेतीन हजार बाथ! तेव्हाच्या भावाने आठ हजार रुपयांच्या वर.

मी सरळ सांगते, मी पैसे द्यायला निघाले होते. रविवारची एकच रात्र उरलेली, सोमवारी विमान. मेधाने माझी पर्स स्वतःच्या काखेत घेतली. मग ती त्याच्याशी ज्या शांतपणे बोलायला लागली तो शांतपणा सांगली जिल्ह्यातल्या थकबाकीदारांनाच माहीत असेल. वंदनाने शुक्रवारी स्कूटर घेताना व्हिडिओ काढला होता. काढला होता म्हणजे चौघी हेल्मेट घालून खिदळतोय, असा. पण अकराव्या सेकंदाला फोन खाली जातो आणि फळीखालचा ओरखडा स्वच्छ दिसतो. तो त्याने तीनदा बघितला. "ओल्ड व्हिडिओ," म्हणाला. मेधाने तारीख दाखवली. "ओके, वन थाउजंड." मेधाने फोनवर ११५५ टाइप करून स्क्रीन त्याच्याकडे केली. हा पर्यटक पोलिसांचा नंबर, देशभर चालतो, पाठच करून ठेवा. तिने लावला नाही, नुसता धरला. कॉफीतला बर्फ हलवत त्याने थोडा विचार केला. मग डबा निघाला, रबर निघालं, पासपोर्ट काउंटरवर.

एकही बाथ न देता सोडवला, असं मेधा आजही सगळ्यांना सांगते. ती बाहेर गेल्यावर मी काउंटरवर तीनशे ठेवले होते. हे तिला इथेच कळेल.

रात्री पुन्हा तेच दार, तोच पोरगा. त्याने मेधाचा पासपोर्ट घेतला, पान उघडलं, टॉर्च मारली, जन्मसाल बोटाने दाखवून म्हणाला, "सेम माय मदर." मनगटावर शिक्का. आत उभ्याने वापरायची टेबलं, प्रत्येक घोळका आपापल्या टेबलाभोवती नाचतोय, बँड थाई गाणी म्हणतोय आणि सगळ्या पोरांना पाठ. टेबल हवं तर पूर्ण बाटली घ्यावी लागेल म्हणाले. एक सांगसोम रम, सोडा, कोक, बर्फाची बादली, असा संच. वेटर सतत येऊन ग्लास भरतो, त्यामुळे किती झाली ते कळत नाही, ग्लासवर हात ठेवायला शिका. चौघींनी नाचून, घामाघूम होऊनसुद्धा बाटली अर्धीही संपली नाही.

निघताना मेधा ती पिशवीत घालायला लागली, तर वेटरने थांबवलं. बाटली इथेच ठेवा, पुढच्या वेळी प्या. त्याने झाकण घट्ट केलं, पातळीपाशी पेनाने रेघ मारली, मेधाला नाव विचारलं आणि एक कार्ड भरून दिलं: नाव, तारीख, मुदत एक महिना.

मेधाने ते दोनदा वाचलं. "बघ," मला म्हणाली, "पावती." ती अजून तिच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये आहे.