आयनांची वाट

निर्यातीच्या हापूसमधील कीटकनाशकांचे अंश मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राने, तपासता येतात, हे आमच्या रत्नागिरीत अनेक बागायतदारांना ठाऊक आहे. परंतु नमुन्यातून निर्माण झालेले आयन (विद्युतभारित कण) त्यांची नोंद घेणाऱ्या शोधकापर्यंत सुखरूप पोहोचवणे हाच त्या यंत्राच्या रचनेतील खरा कस आहे, असे मला वाटते. वातावरणाच्या दाबातून निर्वाताकडे शिरताना वायूचा झोत फाकतो आणि पुष्कळ आयन वाटेतच नष्ट होतात.

अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीत रिचर्ड स्मिथ यांच्या गटाने १९९७ मध्ये मांडलेल्या आयन फनेलमध्ये, म्हणजे आयन गोळा करणाऱ्या नरसाळ्यात, आतील व्यास क्रमाने घटत जाणाऱ्या कड्या एकापुढे एक रचलेल्या असतात. लगतच्या कड्यांना विरुद्ध कलेचा (एकीकडे चढ तेव्हा दुसरीकडे उतार असलेला) रेडिओ-वारंवारतेचा विद्युतदाब दिल्यामुळे आयन कडेपासून आत ढकलले जातात, तर स्थिर विद्युतदाबाचा उतार त्यांना पुढे नेतो. आपल्या डोल जाळ्यासारखाच हा निमुळता आकार, मात्र येथे आयनाने कडेला शिवायचेही नसते.

पुढे त्याच प्रयोगशाळेने समोरासमोरच्या सर्किट बोर्डांवर आयनांसाठी १३ मीटरची नागमोडी वाट आखली. वाट लांबली की वस्तुमान सारखे पण आकार भिन्न असलेले रेणूही वायूतून जाताना वेगळे होतात, आणि इतक्या वळणांवर आयन जवळजवळ न गमावणे हे मला त्या रचनेचे सर्वांत मोठे यश वाटते.