तो येईपर्यंत

10 डिसेंबर 2023. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या वाट पाहण्याच्या दिवसांचा, दुसरा रविवार. सकाळच्या उपासनेत प्रभूभोजन घेतलं आणि रात्री आठला नाइट ड्यूटीवर आले. नवापूर तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी बावीस वर्षांपासून सिस्टर आहे. माहेर धुळ्याचं, घरची बोली अहिराणी. इथे आल्यावर मावची कानाला सवयीची झाली, बोलताना मात्र अजून अडखळते.

डिसेंबरात आमच्याकडची गावं अर्धी रिकामी असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसं ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेली असतात, मागे म्हातारी आणि शाळेतली पोरं उरतात. म्हणून साडेनऊच्या सुमारास एक तरणाताठा माणूस पाठीवर मुलीला घेऊन आत शिरला तेव्हा मी लगेच उठले. तोडीवरूनच निघाला होता. सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीने नवापूरला उतरला, तिथून रिक्षा. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. मुलगी विव्हळत होती, "फलाटावर बसले तेव्हा वाटलं, आता आपल्या राज्यात आलो, आता बरं वाटेल."

मुलगी ओळखीची होती. वय सतरा, सिकलसेल. आश्रमशाळेतल्या तपासणीत सापडलेली. आई-बाप दोघंही वाहक, म्हणजे त्यांच्या रक्तात हा दोष अर्धाच. दोघांना काहीच त्रास नाही आणि पोरीच्या वाट्याला सगळं दुखणं. या आजारात रक्ताच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे हाड फोडल्यासारखं दुखतं. चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच मरते, म्हणून रक्त कायम कमी. थंडी, तहान, अतिश्रम यांनी दुखणं उसळतं. उसाच्या फडात हे तिन्ही एकदम मिळतं. कोपीत जमिनीवर झोपायचं, पहाटेच्या दवात मोळ्या बांधायच्या, पाणी दूर.

तरी तिचं गेलं दीड वर्ष बरं गेलं होतं. दुखणं आटोक्यात ठेवणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल रोज, सोबत फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी. आधी वर्षातून चार-पाच वेळा भरती व्हायची, या दीड वर्षात एकदाच झाली. मी सुई लावता लावता विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

बापाने मान खाली घातली. "बंद केल्या, सिस्टर. दिवाळीनंतर."

कोप्यांवर बाहेरगावचा एक प्रचारक येत होता. रात्री सभा. तो म्हणाला, प्रभू दारात उभा आहे, त्याच्या येण्याला आता वेळ नाही, ज्याचा विश्वास खरा आहे त्याने औषध सोडावं, गोळी गिळणं म्हणजे संशय धरणं. बापाने कॅप्सूलचं पाकीट चुलीत टाकलं. पंधरा दिवस पोरीला काही झालं नाही, तेव्हा त्याने सभेत उभं राहून साक्षही दिली.

मला राग आला. तो राग बापावर नव्हता. मी त्याच येशूची आहे, त्याच्या येण्याची वाट माझ्या आईने मला शिकवली, आणि ते वचन घेऊन कोणीतरी एका पोरीच्या तोंडातला घास काढून घ्यावा तसं औषध काढून घेतलं होतं. पण राग धरायला वेळ नव्हता. रक्तातला ऑक्सिजन 88 टक्के, अंगात ताप, उजव्या छातीत कळ. हिमोग्लोबिन 4.9. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, उजव्या फुप्फुसात खाली सावली होती. सिकलसेलच्या पेशंटचं छातीवर गेलं की जीव धोक्यात. दुखण्याचं इंजेक्शन, सलाईन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक, दोन घोंगड्या. आणि नंदुरबारहून रक्ताच्या दोन पिशव्या. ड्रायव्हर थर्माकोलचा डबा घेऊन लगेच निघाला.

बाप बाही वर सारून माझ्यापुढे उभा राहिला. "माझं घ्या."

"तुमचं नको, भाऊ. तुम्ही वाहक आहात. हिला सिकल नसलेलं रक्त पाहिजे."

त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, हे जरा जपून सांगायला हवं होतं.

बारा वाजता तो व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मी चहा नेऊन दिला. तो म्हणाला, "सिस्टर, मी विश्वास सोडला म्हणून झालं का हे? तुमच्याकडे आणली म्हणून?"

मी पाळक नाही. पण पवित्र शास्त्र लहानपणापासून वाचते, म्हणून खाली त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, भाऊ, येशू वर घेतला गेला तेव्हा शिष्य आभाळाकडे बघत उभे होते. शुभ्र वस्त्रांतल्या दोघांनी त्यांना विचारलं, आकाशाकडे पाहत का उभे राहिलात? हा येशू जसा गेला तसाच परत येईल. हे आपल्यासाठी लिहून कोणी ठेवलं? लूकने. आणि लूक कोण होता? येशूचा प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. ज्या माणसाने प्रभूच्या परत येण्याचं वचन कागदावर आणलं, तो वैद्य होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी त्याला पौलाच्या एका सोबत्याची, त्रफिमाची गोष्ट सांगितली, कारण ही गोष्ट कुठल्या सभेत सांगत नाहीत. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, दुसऱ्या पत्रात लिहितो की प्रभूच्या प्रकट होण्याची ज्यांना आवड आहे त्या सगळ्यांसाठी मुकुट ठेवला आहे. त्याच अध्यायात जरा पुढे एक साधी ओळ आहे: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात मागे ठेवलं. पौलाच्या हातून आजारी बरे झालेले आहेत. तरी हा सोबती बरा झाला नाही. आणि पौल त्याला अविश्वासू म्हणत नाही, एक शब्दही दोष देत नाही. तीमथ्यालाही, तुझ्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं तो लिहितोच. थेस्सलनीका गावच्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले होते, त्यांना त्यानेच फटकारलं. ज्या दिवसाची घटका कोणाला ठाऊक नाही असं येशू स्वतः म्हणाला, त्या दिवसाच्या नावाने पोरीची गोळी कशी बंद करायची?

"मग वाट बघायची म्हणजे काय करायचं?" त्याने विचारलं.

तेवढ्यात आतून मॉनिटर वाजला आणि मी उठून गेले. उत्तर राहून गेलं.

ऑक्सिजन 85 पर्यंत आला होता. नळी सरकली होती. ती नीट करून, उशी उंच करून मी तिच्याजवळ बसले. हाताचं दुखणं इंजेक्शनने थोडं उतरलं होतं. डोळे मिटूनच तिने विचारलं, "सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मी अनेक खाटांवर ऐकला आहे. माझ्यापुढेही तो कधीकाळी आला होता. माझं पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं. घरी जमलेल्या बाया म्हणाल्या, रडू नको, रडणं म्हणजे अविश्वास, तो प्रभूजवळ आहे. मी दोन दिवस रडले नाही. मातीच्या वेळी आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातला चौथा अध्याय वाचला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, पौल रडू नका म्हणत नाही, पोरी. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं रडू नका म्हणतो. आशा असलेल्यांनीही रडायचं असतं. मेलेल्या लाजराला उठवणार हे माहीत असून येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. त्या संध्याकाळी मी पोटभर रडले. त्यानंतर माझ्या छातीत पहिल्यांदा श्वास नीट गेला.

म्हणून मी तिला म्हटलं, "नाही गं माय. त्याने कोणाला विश्वास मोजून आजार दिला नाही."

"तो येईल तेव्हा हात दुखणार नाहीत?"

"नाही दुखणार. तो डोळ्यांचे अश्रू पुसेल, मरण नसेल, शोक आणि कष्ट नसतील. तसं लिहिलंय."

"रक्त बदलेल?"

मी थोडं थांबले. तिच्या घोट्यावर जुन्या जखमेचा व्रण आहे, सिकलसेलमुळे चिघळलेली जखम होती ती. "सगळं शरीर नवं होईल असा माझा विश्वास आहे. पण उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा होत्या, त्याच्या शिष्याने, थोमाने, पाहिल्या. त्या दुखत नव्हत्या, पण होत्या. तू तूच राहशील. मी तुला ओळखीन."

ती किंचित हसली. मग म्हणाली, "तोपर्यंत खूप दुखेल का?"

"कधी कधी दुखेल. गोळी घेतलीस तर कमी."

अडीच वाजता ड्रायव्हर आला. थंडीने त्याची बोटं आखडली होती. पिशवी तपासून, नंबर जुळवून, गट पुन्हा पाहून आम्ही रक्त सावकाश सुरू केलं. पहिली पंधरा मिनिटं मी खुर्चीवरून हलले नाही, हात तिच्या नाडीवर. बाप दाराशी उभा होता. सकाळी प्रभूभोजनाच्या वेळी म्हटलेले शब्द मला आठवले. या भाकरीने आणि प्याल्याने आपण त्याचं मरण प्रकट करतो, तो येईपर्यंत. एका अनोळखी माणसाचं रक्त थेंब थेंब करून तिच्या हातात उतरत होतं. बाप ओठांतल्या ओठांत "ये, प्रभू येशू" म्हणत होता, आणि मीही म्हटलं. मग मी त्याला वाटी दिली आणि तिच्या ओठांना पाणी लावायला सांगितलं. त्याचा व्हरांड्यातला प्रश्न मला तेव्हा आठवला. पण तो चमच्याने पाणी पाजण्यात गुंतला होता, म्हणून मी काही बोलले नाही.

पहाटे पाचला ऑक्सिजन 94. ताप उतरू लागला होता. दुसरी पिशवी दिवसपाळीने लावली. आठव्या दिवशी ती घरी गेली. आजही ती पूर्ण बरी नाही. रक्त तपासायला येते, अधूनमधून दुखतं, मागच्या पावसाळ्यात तीन दिवस भरतीही होती.

घरी जायच्या दिवशी बापाला परत तोडीवर जायचं होतं, उचल फिटलेली नव्हती. मुलगी आजीकडे राहणार होती. आजीला वाचता येत नाही, म्हणून मी उपासनेच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला सूर्य काढला, त्याच्यापुढे पिवळी गोळी. चंद्र काढला, त्याच्यापुढे कॅप्सूल. बापाने कागद घडी करून खिशातल्या नव्या करारात ठेवला. फाटकापर्यंत गेला आणि परत आला.

"सिस्टर, पाणी किती पाजायचं म्हणालात?"

"दिवसाला तीन लिटर. आजीला सांगा, रात्री एकदा उठवून पाजायचं."