पहाटेचा कस्तुर आदल्या रात्री: एनजिनएक्सच्या यादीतल्या तारखा

रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चढवून पक्ष्यांच्या आवाजांची फोल्डरं घरातल्या सगळ्यांसाठी उघडी केली, त्याला आता बरेच दिवस झाले. फोल्डरातल्या फाइलींची यादी आपोआप दाखवणारं ऑटोइंडेक्स ऑन केलं, यादी दिसली, मी खूश. तारखेच्या रकान्याकडे बघितलंच नव्हतं.

परवा बघितलं. १६ जून २०२५ ला पहाटे ५:१० ला टिपलेली शीळकरी कस्तुराची शीळ यादीत १५ जून, २३:४० वर बसली होती. हा पक्षी उजाडायच्या आधी गातो म्हणून तर आपण झोपमोड करून जातो, आणि इथे तो रात्री पावणेबाराला गातोय! एनजिनएक्स मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ दाखवतं आणि आपण साडेपाच तास पुढे. दिवसाच्या फाइलींचं नुसतं घड्याळ चुकतं, पण मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातल्या फाइलींची तारीखच एक दिवस मागे जाते. माझं निम्मं रेकॉर्डिंग त्याच वेळातलं.

यादीत स्थानिक वेळ दाखवणारी सेटिंग, ऑटोइंडेक्स_लोकलटाइम, ऑन केली. ढिम्म फरक नाही. तासभर कॉन्फिग फाइल वरखाली वाचली, मग डोक्यात प्रकाश पडला: एनजिनएक्स कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात चालतंय, आणि कंटेनरच्या लेखी 'लोकल' म्हणजे यूटीसीच. टीझेड या टाइमझोन सांगणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता टाकलं आणि कस्तुर पहाटेवर आला. एनजिनएक्स बाहेरून आलेली बाकी सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स टाकून देतं, पण टीझेड तेवढं ठेवतं, म्हणून हे इतक्यात निभावलं.

मग जुन्या फाइली. एका अख्ख्या फोल्डरवर एकच तारीख, वेळही मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकाने. हा सर्व्हरचा दोष नाही, माझाच: रेकॉर्डरच्या कार्डावरून सीपी या साध्या कॉपी कमांडने फाइली आणल्या की कॉपीची वेळ लागते. मूळ वेळ टिकवायला सीपीला -पी द्यायला हवं होतं, किंवा आरसिंक -ए ही दुसरी कमांड. नशिबाने फाइलींच्या नावात तारीख-वेळ होती, तीवरून फाइलीची वेळ बदलणाऱ्या टच कमांडने सगळ्या परत जागेवर आणल्या.

इथे थांबता आलं असतं, पण आता रकाना डोळ्यात खुपायला लागला होता. एनजिनएक्सची तारीख दिवस, इंग्रजी महिन्याची तीन अक्षरं, वर्ष आणि तास-मिनिटं अशी त्याच्या सी भाषेतल्या कोडमध्येच कोरलेली आहे. बदलायला पर्यायच नाही. सेकंदही नाहीत, म्हणजे एका मिनिटातल्या तीन क्लिपांपैकी आधीची कुठली हे कळत नाही. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये निदान तारखेच्या मथळ्यावर टिचकी मारून क्रम लावता येतो. तिथेही २.४ मध्ये तारखेचा साचा अनवधानाने बदलला गेला आणि जुना हवा असणाऱ्यांसाठी २.४.२६ पासून यूजओल्डडेटफॉरमॅट असा पर्यायच द्यावा लागला. एनजिनएक्सला वेगळं जोडायच्या फॅन्सीइंडेक्स मॉड्यूलने साचा हवा तसा लिहिता येतो, पण मला महिने मराठीत हवे होते.

शेवटी ऑटोइंडेक्स_फॉरमॅट जेसन केलं, म्हणजे यादी प्रोग्रामला वाचता येईल अशा साच्यात मिळते. ही सोय एनजिनएक्स १.७.९ पासून आहे. सर्व्हरच्या एका पत्त्यावर नुसती जेसन यादी, दुसऱ्यावर माझं साधं पान, ते यादी मागवून तक्ता भरतं. जेसनमध्ये वेळ सेकंदांसकट येते, नेहमी जीएमटीत, म्हणजे यूटीसीतच. लोकलटाइमची सेटिंग फक्त एचटीएमएल यादीला लागू होते. आधी वैतागलो, मग बरंच वाटलं. आता टीझेडची भानगडच उरली नाही.

ब्राउझरमधल्या इंटल या तारखा-आकडे मांडणाऱ्या सोयीला एमआर-आयएन (भारतातली मराठी) म्हटलं की '१६ जून, २०२५' असं देवनागरी अंकांत मिळतं, वेगळं काही करावं लागत नाही. पहिल्यांदा ते पानावर उमटलं तेव्हा उगाचच दोनदा रिफ्रेश केलं. क्रम मात्र पार बिघडला, कारण मी दिसणाऱ्या मजकुरावरच सॉर्ट लावला होता. १० जुलै १६ जूनच्या आधी. आता प्रत्येक ओळीत मूळ वेळ मिलिसेकंदांत लपवून ठेवली आहे आणि सॉर्ट तिच्यावर चालतो.

खरी गंमत पुढे. न्यू जर्सीतल्या मित्राला लिंक दिली, तर त्याचा मेसेज: "अरे, तुझा कस्तुर संध्याकाळी सात चाळीसला गातो होय?" त्याच्या ब्राउझरने इमानेइतबारे त्याची स्थानिक वेळ दाखवली होती. ऑफिसच्या फाइलींना हे ठीक. पाखराला ते कसं चालेल? जिथे ते गायलं तिथलीच वेळ हवी. इंटलमधला टाइमझोनचा पर्याय एशिया/कोलकातावर पक्का केला आणि मथळ्यात 'भारतीय वेळ' असं लिहून टाकलं.

अडलंय ते फोल्डरांच्या तारखांपाशी. फोल्डरची वेळ आत फाइल आली, गेली किंवा तिचं नाव बदललं तरच हलते, आणि ती रेकॉर्डिंगची नसते, माझ्या आवराआवरीची असते. एक नको असलेली क्लिप उडवली की २०२२ चं फोल्डर आजचं होऊन सगळ्यात वर येतं. आतल्या शेवटच्या फाइलीची वेळ दाखवायची तर प्रत्येक फोल्डरची यादी वेगळी मागवावी लागेल, आणि माझा रास्पबेरी पाय जुना आहे. तोवर फोल्डरांसमोरचा रकाना रिकामाच ठेवलाय.