पाटच बुजवला तर पाणी सोडणार कुठून?

परवा पुण्याहून ताईचा फोन होता, बोलता बोलता म्हणाली, अगं तुमच्याकडचं ते सरकारी चॅनल बंद पडतंय ना, कुठेतरी वाचलं मी. म्हटलं ताई, सरकारी नाहीये गं ते. आणि मग पुढची वीस-पंचवीस मिनिटं मीच बोलत होते आणि ती बिचारी ऐकत होती. फोन ठेवल्यावर वाटलं की हे नीट लिहूनच काढावं, कारण आपल्या माणसांना अमेरिकेतलं पब्लिक टीव्ही म्हटलं की दूरदर्शनच डोळ्यासमोर येतं, आणि तिथेच सगळा गोंधळ होतो.

दूरदर्शन कसं, वरून खाली. इथे उलटं आहे. १९६७ साली लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना पब्लिक ब्रॉडकास्टिंगचा कायदा झाला आणि त्यातून सीपीबी नावाची संस्था निघाली, कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग. ती स्वतः काही दाखवत नव्हती, तिच्याकडे एकही टॉवर नव्हता. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मंजूर केलेले पैसे घ्यायचे आणि गावोगावच्या स्टेशनांना वाटायचे एवढंच तिचं काम होतं, स्वतःच्या कारभारावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही असं कायद्यातच लिहिलेलं. स्टेशनं कुणाची, तर कुठे युनिव्हर्सिटीची, कुठे राज्याची, कुठे शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टची, कुठे गावातल्या लोकांनी काढलेल्या संस्थेची. पीबीएस, म्हणजे देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणारी संस्था, तीसुद्धा या स्टेशनांची मालक नाही, उलट स्टेशनंच पीबीएसला वर्गणी भरतात आणि कार्यक्रम घेतात.

हे मला आधीपासून माहीत होतं असं नाही. आमचं गाव डोंगराळ भागातलं, युनिव्हर्सिटीमुळे नकाशावर असलेलं, आणि स्टेशनही युनिव्हर्सिटीचंच. पहिल्यांदा मी तिथे गेले ती फोन उचलायला. वर्षातून दोन-तीनदा ते लोकांकडे देणग्या मागतात, त्याला प्लेज ड्राइव्ह म्हणतात, तेव्हा स्टुडिओत टेबलं मांडून स्वयंसेवक बसवतात. माझ्या पहिल्याच संध्याकाळी एका आजींचा फोन आला, म्हणाल्या महिन्याला पाच डॉलर लिही, जास्त जमणार नाही, पण टॉवर चालू ठेवा हं, आमच्या दरीत दुसरं काही पकडत नाही. मी फॉर्मवर पाच लिहिलं आणि बराच वेळ ते पाच माझ्या डोक्यातून जाईना. पुढे मला कम्युनिटी ॲडव्हायजरी बोर्डावर घेतलं. सीपीबीचे पैसे हवे असतील तर बहुतेक स्टेशनांना असं गावकऱ्यांचं बोर्ड ठेवावंच लागायचं आणि मीटिंगा लोकांसाठी खुल्या ठेवाव्या लागायच्या, तेही कायद्यातच आहे.

आता मुद्द्यावर येते. मार्च २०२०.

शाळा एका शुक्रवारी सुटल्या त्या उघडल्याच नाहीत. आमच्या मागच्या घरात तीन मुलं, आई नर्सिंग होममध्ये कामाला, घरात एकच स्मार्टफोन आणि तोही आईबरोबर ड्युटीवर जाणारा. ऑनलाइन शाळा म्हणे! आमच्या स्टेशनने दोन आठवड्यांच्या आत दिवसभराचं वेळापत्रक बदललं, सकाळी लहान मुलांचं, दुपारी मोठ्यांचं विज्ञान-इतिहास, आणि ती तीन मुलं खिडकीला चिकटवलेल्या कागदासारख्या पातळ अँटेनावर ते बघत बसायची, मधला मुलगा वहीत तारीख घालून लिहून घ्यायचा. लॉस एंजेलिसमध्ये तर शाळांच्या डिस्ट्रिक्टने पीबीएस सोकॅल, केसीईटी आणि केएलसीएस या स्टेशनांना बरोबर घेऊन त्याच मार्चमध्ये टीव्हीवरून शिकवणं सुरू केलं, आणि मग देशभर अनेक स्टेशनांनी तसंच केलं.

म्हणजे काम दुप्पट झालं, आणि नेमकं त्याच वेळी स्टेशनाकडे पैसे येण्याचे सगळे रस्ते एकदम बंद झाले. प्लेज ड्राइव्हला स्टुडिओत माणसं बसवता येईनात. गावातली दुकानं, बँका, हॉटेलं जे प्रायोजकत्व द्यायची त्यांचेच वांधे. (इथे जाहिरात करता येत नाही हं, प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या एफसीसी या सरकारी संस्थेचे नियम कडक आहेत, अमुक दुकानाच्या सहकार्याने एवढंच म्हणायचं, भाव सांगायचा नाही, या आणि घ्या म्हणायचं नाही.) युनिव्हर्सिटीने स्वतःचाच हात आखडला. धंद्यांना पगारासाठी सरकारी कर्ज मिळत होतं, काही स्टेशनांनाही मिळालं, पण जी युनिव्हर्सिटीची किंवा राज्याची स्टेशनं होती त्यांना त्यात जागाच नव्हती कारण कागदावर ती सरकारी.

आणि अजून एक गोष्ट, जी बाहेरच्या कुणाला दिसत नाही. सीपीबीची नेहमीची ग्रँट ठरायची ती स्टेशनाने स्वतः बाहेरून किती पैसे उभे केले त्यावर, आणि तेही दोन वर्षं आधीच्या आकड्यावर. म्हणजे २०२० मध्ये देणग्या आटल्या की २०२० चा खड्डा आहेच, वर त्याचा फटका २०२२ च्या ग्रँटला बसणार. एकाच दुष्काळात दोनदा मार. आमच्या मीटिंगमध्ये हे पहिल्यांदा कुणीतरी समजावून सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले होते, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांचे चेहरे नुसते चौकोनात थांबलेले.

तेव्हा २७ मार्च २०२० ला केअर्स ॲक्ट, म्हणजे कोविडच्या मदतीचा कायदा झाला. साधारण २.२ लाख कोटी डॉलरचं अवाढव्य पॅकेज, त्यात सीपीबीसाठी ७.५ कोटी डॉलर. एवढ्या डोंगरात हा खडाच, पण कायद्यात शब्द नेमके होते, स्टेशनांची आर्थिक घडी सावरायला आणि विशेष करून छोटी आणि ग्रामीण स्टेशनं वाचवायला. काही आठवड्यांत पैसे स्टेशनांपर्यंत पोचायला लागले. पुढच्या वर्षी, मार्च २०२१ मध्ये, अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून आणखी १७.५ कोटी डॉलर आले.

मला लोक विचारतात की त्या पैशाचं काय केलं, काय नवीन दाखवलं? काहीच नवीन नाही हो! त्यातून माणसं टिकली. आमच्याकडचे दोन इंजिनियर टिकले, एक शाळांचं बघणारी बाई टिकली, आणि डोंगरावरच्या ट्रान्समीटरचं लाइट बिल भरलं गेलं.

त्या डोंगरावर मी एकदा गेलेय. वर जायला कच्चा रस्ता, शेवटचा टप्पा तर हिवाळ्यात स्नोमोबिलनेच. वर एक बिनखिडक्यांची खोली, दार उघडलं की आतून गरम हवा आणि पंख्यांचा असा आवाज अंगावर येतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. बाहेर शेडमध्ये डिझेल जनरेटर, त्याच्यावर एक वही दोरीने बांधलेली, दर आठवड्याला चालू करून बघितल्याची तारीख आणि सही. वहीचं पान उलटून बघितलं तर एकही आठवडा रिकामा नव्हता, बर्फाच्या महिन्यांतसुद्धा. इंजिनियर साठीच्या पुढचे, मला म्हणाले टॉवरवर बर्फ साठतं आणि मग त्याची ढेकळं सुटून खाली पडतात, म्हणून त्या पत्र्याच्या छपराखालूनच चालायचं, बाहेर पाय ठेवायचा नाही.

हे सगळं कशासाठी, तर फक्त कार्टून आणि माहितीपटांसाठी नाही. वादळ, वणवा, पूर, हरवलेलं मूल यासाठी फोनवर तो कर्कश अलर्ट वाजतो ना, त्याची एक पर्यायी वाट पीबीएसच्या स्टेशनांच्या सिग्नलमधून जाते, इंटरनेटची वाट तुटली तरी मोबाइल कंपन्यांपर्यंत अलर्ट पोचावा म्हणून. स्टेशनांची ही जुनी यंत्रं बदलायला २०२२ पासून फेमाकडून, म्हणजे आपत्ती व्यवस्थापनाच्या सरकारी खात्याकडून, वेगळा निधी मिळायला लागला, पहिल्या वर्षी ४ कोटी डॉलर, आणि तो वाटायचं काम कुणाकडे? सीपीबीकडेच.

आणि इथेच माझा जीव अडकलाय. जुलै २०२५ मध्ये आधीच मंजूर झालेले दोन वर्षांचे सुमारे ११० कोटी डॉलर काँग्रेसने परत घेतले. वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, ५१ विरुद्ध ४८, खालच्या हाउसमध्ये २१६ विरुद्ध २१३, आणि २४ जुलैला राष्ट्राध्यक्षांची सही. सिनेटमध्ये हे चाललेलं असताना १६ जुलैला अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ चा भूकंप झाला, त्सुनामीचा इशारा निघाला, आणि तिथली पब्लिक स्टेशनंच लोकांना उंचावर जा म्हणून सांगत होती. अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की आणि मेनच्या सुझन कॉलिन्स या दोघींनी स्वतःच्या पक्षाच्या विरोधात मत दिलं, पण उपयोग झाला नाही. १ ऑगस्टला सीपीबीने कामकाज गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, सप्टेंबरअखेर बहुतेक माणसं गेली. फेमाच्या त्या अलर्ट निधीचं कामही आता आमच्याच्याने होणार नाही असं त्यांनी सांगून टाकलं, साहजिकच आहे, माणसंच नाहीत तर करणार कोण.

मग ऑक्टोबरमध्ये हालोंग वादळाचा तडाखा पश्चिम अलास्काला बसला. किपनुक, क्विगिलिंगोक ही गावं पाण्यात, घरं पायापासून सुटून वाहून गेली, शेकडो लोकांना विमानाने हलवलं. तिथे बेथेलचं केवाययूके हे स्टेशन इंग्रजी आणि तिथल्या मूळ लोकांची युपिक अशा दोन्ही भाषांत माहिती देत राहिलं. या स्टेशनाचं साधारण ७० टक्के उत्पन्न फेडरल पैशातून यायचं. शहरातलं मोठं स्टेशन फेडरल पैसे गेले तरी धापा टाकत का होईना उभं राहील, त्याला देणगीदार आहेत. बेथेलला आसपास श्रीमंत कोण बसलंय देणग्या द्यायला? ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांचंच पहिलं जाणार.

नाइट, मॅकआर्थर, फोर्ड वगैरे फाउंडेशन्स पुढे आली, अडचणीतल्या स्टेशनांसाठी ब्रिज फंड उभा केला, पहिल्याच फेरीत साडेतीन कोटी डॉलरच्या वर जमले. मनापासून आभार त्यांचे. पण सीपीबीला वर्षाला ५३.५ कोटी मिळायचे, आता तुम्हीच हिशोब करा.

माझा एक मित्र आहे, विचारी माणूस, तो म्हणतो सरकारने मीडियाला पैसे देऊच नयेत, आज देतील उद्या तोंड बंद करतील, आणि सगळं तर फोनवर मिळतं. पहिली भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही, १९६७ मध्ये सरकार आणि स्टेशनांच्या मधे सीपीबी घातली ती याच भीतीपोटी, पुढे पैसे दोन वर्षं आधीच मंजूर करून ठेवायला लागले तेही त्याचसाठी. पण फोनवर सगळं मिळतं हे त्याने आमच्या मागच्या दरीत येऊन म्हणावं. तिथे फोनला रेंज नाही, केबल कधी गेलीच नाही, आणि डोंगराआड असल्यामुळे मुख्य टॉवरचाही सिग्नल पोचत नाही, एका छोट्या रिले टॉवरवर सगळं चाललंय.

लोक म्हणतात, पुढे संकट आलं तर देतील परत इमर्जन्सी निधी, २०२० मध्ये दिला तसा. देतीलही. पण तेव्हा पैसे आठवड्यांत पोचले ते कशामुळे? कुठलं स्टेशन कुणाचं, त्याचे हिशोब काय, कोण ग्रामीण, कोण बुडायच्या बेतात, हे सगळं सीपीबीकडे पन्नास वर्षांचं तयार होतं. पाट काढलेला होता, वरून दार उघडलं की पाणी शेतात. आता धरणात पाणी असलं तरी पाटच बुजवलाय, आणि आग लागल्यावर पाट खणायला कुणाला वेळ असतो?

आमच्याकडे आता गुरुवारी मीटिंग आहे. ॲडव्हायजरी बोर्डाची सक्ती ज्या ग्रँटबरोबर होती ती ग्रँटच गेली, तरी आम्ही बसतो. विषय एकच, दोन रिले टॉवरपैकी एकच चालवायला परवडतंय तर कुठला बंद करायचा. एका बाजूचा टॉवर जास्त घरांना पोचतो पण तिथे केबलही आहे, दुसरा त्या दरीचा. कागदावर बघितलं तर निर्णय सरळ दिसतो, म्हणून मी गेले दोन रविवार गाडी काढून दरीत शेवटच्या घरापर्यंत जाऊन आले आणि छपरांवरचे अँटेना मोजले. एकतीस घरं, त्यातल्या सव्वीस छपरांवर अँटेना. पाच डॉलरवाल्या आजींचं घर कुठलं ते मला माहीत नाही, फॉर्मवर फक्त रस्त्याचं नाव होतं, पण तो रस्ता त्याच दरीत आहे. सव्वीसच्या सव्वीस घरांची यादी मी घरनंबर घालून लिहून घेतलीये, गुरुवारी ती टेबलावर ठेवणार आहे.