वारशात आलेलं व्ही-८ इंजिन: आधी नंबर वाचा, मग भाव विचारा

वडील, सासरे किंवा काका गेले आणि त्यांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक जुनं अमेरिकन व्ही-८ निघालं. गाडी कधीच विकली गेलेली, इंजिन तेवढं राहिलेलं. डेट्रॉईटच्या आसपास किंवा ओहायोत राहणाऱ्या मराठी घरांत अशी वस्तू येणं अगदीच अशक्य नाही. ते हातात आलं की पहिला मोह होतो तो स्वच्छ करायचा. वायर ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर, सगळं बाजूला ठेवा. या इंजिनाची निम्मी किंमत लोखंडात असते आणि उरलेली निम्मी बोटभर सपाट पट्टीवरच्या आठ-दहा अक्षरांत. ती अक्षरं इतकी उथळ असतात की सँडपेपरचे चार हात फिरले तरी पुसट होतात. एकदा गेली की परत येत नाहीत.

बाजूंचा घोळ आधी मिटवू. अमेरिकन माहितीत "ड्रायव्हरची बाजू" म्हणजे डावी. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या (म्हणजे मागच्या, गिअरबॉक्सकडच्या) टोकाला उभं राहून पुलीकडे तोंड करा. डाव्या हाताला येते ती ड्रायव्हरची बाजू. खाली सगळीकडे डावं-उजवं याच हिशेबाने आहे.

सर्वात जास्त भेटतं ते शेवरोले, म्हणून त्यावर सविस्तर. त्यात वाचायच्या गोष्टी चार.

पहिली, ओतकामाचा नंबर. मागे बेल हाउसिंग (गिअरबॉक्सकडचं घंटेसारखं आवरण) जिथे बसतं त्या कडेवर, डाव्या बाजूला, उठावाचे सात आकडे असतात. उदाहरणार्थ ३९७००१०. हा ब्लॉक (सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) १९६९ पासून दहा वर्षं निघत राहिला. तो बहुतेकदा ३५० घन इंचाचा असतो (सगळ्या सिलिंडरांची मिळून क्षमता; इंजिनांना याच आकड्याने ओळखतात), पण १९६९ मध्ये याच ब्लॉकात ३०२ आणि ३२७ सुद्धा बांधली गेली. म्हणजे हा नंबर घराणं सांगतो, नाव सांगत नाही. शेवरोलेची घराणी दोन, छोटा ब्लॉक आणि मोठा ब्लॉक; वरचा छोटा. मोठ्या ब्लॉकांतही तेच. ३९६३५१२ या नंबरात ४२७ असू शकतं आणि ४५४ सुद्धा, कारण दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.२५१ इंचच आहे. फरक फक्त स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा): एकाचा ३.७६ इंच, दुसऱ्याचा ४.००.

दुसरी, ओतकामाची तारीख. छोट्या ब्लॉकवर ती बहुधा त्याच मागच्या कडेला उजवीकडे असते, मोठ्या ब्लॉकवर उजव्या अंगाला स्टार्टरच्या आसपास. एक अक्षर महिन्याचं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. "बी २५ ९" म्हणजे २५ फेब्रुवारी १९६९. किंवा १९७९! दशक लिहिलेलंच नसतं, आणि विकत घेताना-देताना सर्वात महागात पडणारी चूक इथेच होते.

ते दशक तिसऱ्या गोष्टीवरून कळतं. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) अगदी समोर, अल्टरनेटरमागे दडलेली एक मशीन केलेली पट्टी असते. तिच्यावर ठोकलेला ठसा "व्ही ०३१२ डीझेड" असा दिसेल. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना (टी असेल तर टोनावांडा), ०३१२ म्हणजे १२ मार्चला बांधलं, आणि शेवटची अक्षरं हे इंजिन कशासाठी बांधलं ते सांगतात. १९६९ च्या मॉडेलपर्यंत ती दोन असतात, १९७० च्या मॉडेलपासून तीन. म्हणून वरच्या ३९७००१० ब्लॉकवर तारखेत ९ असेल आणि ठशात तीन अक्षरं असतील, तर तो १९७९ चा ब्लॉक आहे, किंवा १९६९ च्या शेवटच्या महिन्यांत १९७० च्या मॉडेलसाठी ओतलेला (मग महिन्याचं अक्षर वर्षाच्या उत्तरार्धातलं असतं). दोन अक्षरं असतील तर १९६९ चा. डीझेड ही जोडी १९६९ च्या कॅमारो झेड/२८ च्या ३०२ ची. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीत पाच लिटरची मर्यादा होती म्हणून हे इंजिन जन्मलं. त्या वर्षी २०,३०२ झेड/२८ विकल्या गेल्या, आणि शर्यतीत पिळून काढलेल्या कित्येक गाड्यांची मूळ इंजिनं हरवली. १९७० च्या शेवेल गाडीतल्या ४५४ एलएस६ (सर्वात दमदार ४५४) ची खूण सीआरव्ही, ऑटोमॅटिक असेल तर सीआरआर. ठसा "सीई" ने सुरू होत असेल तर तो कंपनीने वॉरंटीत बदलून दिलेला ब्लॉक. खरा, पण कुठल्याही गाडीचा जन्मापासूनचा नाही.

चौथी गोष्ट गाडीच्या ओळख क्रमांकाचा तुकडा. १९६८ पासून तो इंजिनावर ठोकणं सुरू झालं. १९६९ च्या शेवरोलेवर तो पट्टीवर असतो किंवा ऑइल फिल्टरजवळच्या खडबडीत भागावर. "१९एन" आणि पुढे सहा आकडे, असं रूप. १ म्हणजे शेवरोले, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवूडचा कारखाना, पुढचे सहा आकडे त्या एका गाडीचे. हा तुकडा असेल तर जगात एकच गाडी अशी आहे जिचं हे इंजिन आहे.

हे वाचण्यासाठी ब्रेक क्लीनर, प्लॅस्टिकची पट्टी आणि मऊ कापड पुरतं. मळ फुगू द्या, पुसा, पुन्हा फवारा. मग खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ आडवा धरा आणि फोटो काढा. अक्षरांशेजारी पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसल्या पाहिजेत. त्या कारखान्यातल्या कटरच्या. रेघा नसतील, किंवा भलत्याच दिशेने असतील, तर कधीतरी ब्लॉकला फेसिंग मारलं गेलंय, म्हणजे वरचा पृष्ठभाग मशीनवर तासून सपाट केलाय. आणि फेसिंगनंतरही अक्षरं ठसठशीत असतील तर ठसा नंतर मारलेला आहे, असंच जाणकार धरून चालतो. जुन्या गॅस्केटचे अवशेष मात्र कोरडे खरवडू नका. त्या काळच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करूनच काढा.

हे आकडे कुठे लिहिलेले सापडतात का, तेही बघा. त्या काळच्या शेवरोलेच्या वॉरंटी पुस्तिकेत एक छोटी धातूची पट्टी असे, प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची. तिच्यावर इंजिनाचा हाच ठसा उमटवलेला असतो. १९७२ च्या आधीच्या शेवरोलेच्या ओळख क्रमांकावरून नेमकं कोणतं व्ही-८ होतं ते कळत नाही, त्यामुळे कपाटातला हा पत्र्याचा तुकडा फार मोलाचा. घर आवरताना जुन्या फायली रद्दीत देण्याआधी एकदा चाळा.

फोर्डच्या बाबतीत एक सापळा सांगायलाच हवा. एफई नावाच्या इंजिन-घराण्यातल्या कित्येक ब्लॉकांवर पुढे ठळक "३५२" ओतलेलं असतं, आणि आत ३९० किंवा ४२८ असतं. बाहेरून ही भावंडं सारखीच. खात्री करायची तर तेलाचं पॅन उतरवा: क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर) "१यू" किंवा "१यूबी" असेल तर ४२८. बोअर-स्ट्रोक मोजलात तर ३९० चे ४.०५ आणि ३.७८ इंच, ४२८ चे ४.१३ आणि ३.९८. ब्लॉकच्या अंगाला, पॅनच्या कडेच्या वर, आडवे बोल्ट दिसले तर हात जोडा. ते ४२७ असण्याची शक्यता दाट आहे. फोर्डची तारीख उलट क्रमाने लिहितात: "९ए१२" म्हणजे १९६९, जानेवारी, १२. महिन्यांत आय हे अक्षर वगळलेलं आहे, त्यामुळे सप्टेंबर म्हणजे जे.

क्रायस्लरचं ४४० घ्या. २५३६४३० हा ब्लॉक न्यूयॉर्कर नावाच्या प्रशस्त गाडीतही गेला आणि रोड रनर या वेगवान गाडीतही. फरक कळतो पुढे डिस्ट्रिब्युटरजवळच्या ठशावरून: ई म्हणजे १९६९, एफ म्हणजे १९७०, त्याबरोबर ४४०, आणि दमदार इंजिन असेल तर "एचपी". गाडीच्या क्रमांकाचा तुकडा मोठ्या ब्लॉकवर खाली, पॅनच्या कडेवर. ४२६ हेमी ओळखायला नंबर लागत नाही. प्रत्येक रुंद व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध स्पार्क प्लगच्या चार विहिरी असतात. पाँटिअ‍ॅकचं ३२६ पासून ४५५ पर्यंत सगळं बाहेरून सारखंच दिसतं. तिथे पुढे उजव्या हेडखालचा दोन अक्षरी कोड वाचा आणि एक्झॉस्टचे पोर्ट बघा. ते गोल असतील तर भाव वेगळा.

ठसा गेलेला असेल तर मोजमापाला पर्याय नाही. हेड काढून बोअर आणि स्ट्रोक मोजा. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४ गुणिले ८. ४.०० आणि ३.४८ चे येतात ३५०. बोअर ४.०३० भरला तर ३५५, म्हणजे एकदा बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घातलेत. शेवरोलेच्या छोट्या ब्लॉकांत ४.०० बोअरवर ३.०० स्ट्रोक असेल तर ३०२, ३.२५ असेल तर ३२७. मेन कॅपला (क्रँक खालून धरून ठेवणाऱ्या पट्टीला) चार बोल्ट दिसले म्हणून हुरळू नका, ट्रकच्या ३५० लाही चार बोल्ट असत. क्रँक ओतीव की घडीव ते बाजूच्या सांध्याच्या रेघेवरून कळतं: ओतीवावर बारीक धार, घडीवावर जवळपास पाऊण इंच रुंद पट्टा.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर लावू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं करून ४०-५० मिली ओता, आठवडाभर थांबा. अ‍ॅसिटोन पेट घेतं, हीटरची ठिणगीसुद्धा जवळ नको. मग पुढच्या डँपरच्या (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टला गोटी (सॉकेट) लावून लांब दांड्याने आधी घट्ट करायच्या दिशेला आणि मग किंचित उलट, असं डोलवत फिरवा. जोर लावून बोल्ट तुटला तर नुकसान वाढतंच.

मूल्य खऱ्या अर्थाने मारून टाकते ती भेग. अँटीफ्रीझ न घालता पाणी आत राहिलं आणि उत्तरेकडच्या थंडीत गोठलं, की ते सुमारे नऊ टक्के फुगतं. फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या अंगावरची पत्र्याची गोल बुचं) बाहेर पडून ब्लॉक वाचेलच असं नाही, त्या वापरासाठी ते बनवलेलेच नाहीत. भेग बहुधा ब्लॉकच्या अंगावर, या बुचांच्या रांगेत किंवा टॅपेटच्या खोलगट भागात असते. मशीन शॉपमध्ये मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा शोधणारी चाचणी) करून घ्या आणि सिलिंडरच्या भिंतींची जाडी ध्वनिलहरींनी (सोनिक) तपासून घ्या. कामाच्या कागदावर लिहून द्या: ब्लॉकला फेसिंग मारायचं नाही. शेवरोलेची ठशाची पट्टी हेडच्याच पातळीत असते. शॉपवाल्याने सवयीने एक हात मारला की ३०२ चं नुसतं भंगार झालं.

आता भाव. सत्तरच्या दशकातलं, मेन कॅपला दोनच बोल्ट असलेलं, कुठल्याही सेडानमधलं ३५० फक्त पुन्हा बांधण्याजोगा सांगाडा म्हणून जातं, काही शे डॉलरना, आणि वाहतूक त्यातला बराच भाग खाते. दुसऱ्या टोकाला पूर्ण, मूळ स्ट्रीट हेमीचा आकडा पाच अंकी असतो. मधलं सगळं कोणाला ते हवंय यावर ठरतं. ज्याच्या १९६९ च्या गाडीचं मूळ इंजिन गेलंय त्याला गाडी बांधली गेली त्याच्या काही आठवडे आधीची ओतकामाची तारीख असलेला ब्लॉक हवा असतो. आणि क्रमांकाचा तुकडा ज्या गाडीशी जुळतो ती अजून रस्त्यावर असेल, तर तिच्या मालकाइतका भाव दुसरा कोणी देणार नाही. त्या मॉडेलच्या क्लबांत आणि रजिस्ट्रींत विचारा. पण पट्टीचा स्पष्ट, संपूर्ण फोटो कुठेही टाकू नका. शेवटचे आकडे झाका. समोरच्याने आपल्या गाडीचा क्रमांक आधी सांगू द्या, मग जुळवून बघा. खोटे ठसे मारणाऱ्यांना असे फोटोच हवे असतात. "पट्टी साफ करून नवा नंबर मारून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गाडीच्या ओळख क्रमांकात फेरफार करणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

जाहिरातीत मागितलेले भाव बघून मन बनवू नका. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा आणि तोच कोड, तीच अवस्था जुळवा. सुटे भागही वेगळे मोजा. होलीचा कार्ब्युरेटर असेल तर वरच्या कडेवर लिस्ट नंबर (होलीचा मॉडेल क्रमांक) ठोकलेला असतो. १९६९ च्या झेड/२८ वर ४०५३. त्याच गाडीचा डिस्ट्रिब्युटर १११११४८० नव्हे तर ११११४८०. एक आकडा जास्त वाचला तर दिवसभर शोधूनही काही सापडणार नाही. हेडच्या टोकाला उंटाच्या दोन कुबडांसारखा उठाव असेल तर त्या हेडनाही स्वतंत्र गिऱ्हाईक असतं. पण ठसा, तारखा आणि भाग एकमेकांना धरून असतील तर काहीही सुटं विकू नका.

अमेरिकेत वारशाच्या वस्तूची करासाठीची मूळ किंमत म्हणजे आधीचा मालक गेला त्या दिवशीचा बाजारभाव. म्हणून तारखेसह लेखी मूल्यांकन आत्ताच करून घ्या.

हलवताना वजनाचा अंदाज ठेवा: शेवरोलेचा छोटा ब्लॉक पूर्ण अवस्थेत सुमारे २६० किलो, मोठा ३१० च्या आसपास. स्टँडला बांधताना ग्रेड ८ चे बोल्टच वापरा. लांब पाठवायचं असेल तर तेल-पाणी काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल फवारून प्लग परत लावा, सगळी तोंडं टेपने बंद करा, लाकडी पॅलेटवर पॅनवर नव्हे तर माउंटवर टेकवा आणि रॅचेटच्या पट्ट्यांनी चारही बाजूंनी आवळा. ठशाच्या पट्टीवर तेलाचा हात फिरवून वर जाड पुठ्ठा बांधा.